ऑस्ट्रेलिया अँटिजेन: एका पुसट रेषेचा आणि तिच्या खातरजमेचा इतिहास

१/ महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी शस्त्रक्रियेपूर्वी रक्त तपासायला दिले, की हाती येणाऱ्या अहवालात पुष्कळदा एक ओळ दिसते: ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन: निगेटिव्ह’. यकृताच्या विकाराचा आणि ऑस्ट्रेलिया खंडाचा संबंध काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. त्या ओळीमागे १४० वर्षांचा इतिहास आहे. ‘चाचणी पॉझिटिव्ह आली’ आणि ‘मनुष्य आजारी आहे’ या दोन विधानांमधले अंतर माणसाने कसकसे ओळखले, याची ही हकीकत आहे. #थ्रेड

२/ आरंभ करू जर्मनीतील ब्रेमेनपासून. १८८३ साली तेथील जहाजबांधणी कारखान्यातील १२८९ कामगारांना देवीची लस टोचण्यात आली. ही लस मानवी लसीकेपासून बनवलेली होती. पुढील काही आठवड्यांत व महिन्यांत त्यांपैकी १९१ जणांना कावीळ झाली. याच कारखान्यात ज्यांना वेगळ्या साठ्यातील लस मिळाली होती, ते मात्र सुखरूप राहिले.

३/ ल्युरमान नावाच्या वैद्याने १८८५ साली या घटनेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती, विषाणूची कल्पना नव्हती, चाचणी तर नव्हतीच. होती ती केवळ तुलना: कोणाला कोणती लस दिली आणि कोण पिवळे पडले. मानवी रक्तातील एखाद्या अंशातून कावीळ पसरू शकते, असे सुचवणाऱ्या अगदी आरंभीच्या नोंदींत तिची गणना होते.

४/ हीच गोष्ट १९४२ साली अक्राळविक्राळ रूपात परत आली. अमेरिकी सैनिकांना पीतज्वराची लस देण्यात येत होती आणि ती टिकावी म्हणून तीत मानवी रक्तजल मिसळलेले असे. काही साठे दूषित निघाले. सुमारे ५०,००० सैनिक काविळीने आजारी पडले. पीतज्वरापासून वाचवण्यासाठी टोचलेल्या लसीनेच सैन्य अंथरुणाला खिळले. अखेर रक्तजलविरहित लस तयार करण्यात आली.

५/ तो आजार नेमका कोणता होता? त्या काळी सिद्ध करण्याचे साधन नव्हते. १९४७ साली ब्रिटिश संशोधक मॅककॅलम यांनी काविळीचे दोन प्रकार वेगळे करून त्यांना ‘हिपॅटायटिस ए’ आणि ‘हिपॅटायटिस बी’ अशी नावे सुचवली. पहिली अन्नपाण्यातून होणारी, दुसरी रक्तातून. परंतु नावे ठेवली म्हणजे ओळख पटली असे होत नाही. रुग्णाकडे पाहून दोन्ही काविळी सारख्याच दिसत. १९४२च्या कोड्याकडे आपण पुढे परत येऊ.

६/ आता कथेत असा मनुष्य प्रवेश करतो, जो काविळीचा शोध घेतच नव्हता. बारूक ब्लुमबर्ग हे अमेरिकी वैद्यक संशोधक. त्यांचा प्रश्न असा: निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातील प्रथिनांत आनुवंशिक भेद कोणते असतात? त्यासाठी ते जगभरातून रक्तजलाचे नमुने जमवत. ज्याला पुष्कळ वेळा रक्त चढवले आहे, त्याच्या शरीरात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असणार, असे त्यांचे अनुमान होते.

७/ पद्धत साधी आणि सुंदर होती. काचपट्टीवर आगरचा पातळ थर, त्यात छोट्या खळ्या. एका खळीत प्रतिपिंडे असलेले रक्तजल, भोवतालच्या खळ्यांत निरनिराळे नमुने. दोन्ही द्रव आगरमधून संथपणे एकमेकांकडे झिरपतात. जिथे प्रतिजन आणि त्याच्याशी जुळणारे प्रतिपिंड भेटतात, तिथे पांढुरकी रेषा उमटते. जुळणी नसेल तर काहीच उमटत नाही. स्वीडिश शास्त्रज्ञ आउख्टरलोनी यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते.

८/ १९६३ साल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ब्लुमबर्ग आणि हार्वी ऑल्टर यांनी न्यूयॉर्कमधील एका हिमोफिलियाच्या रुग्णाचे रक्तजल अनेक नमुन्यांसमोर ठेवले. रेषा उमटली ती केवळ एका नमुन्यासमोर. तो नमुना होता ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीचा. आजवर दिसलेल्या रेषा मेदयुक्त प्रथिनांच्या होत्या आणि मेदाच्या रंगाने निळ्या होत. ही मात्र प्रथिनाच्या रंगाने लाल झाली. वस्तू नवी होती. नाव पडले ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’.

९/ येथे क्षणभर थांबावे. त्या दिवशीची चाचणी अचूक होती. रेषा खरी होती, प्रतिजन खरे होते. पण त्याचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. १९६५च्या पहिल्या निबंधात त्याचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी जोडलेला दिसतो, कारण त्या रुग्णांत ते अधिक आढळे. या रुग्णांना वारंवार रक्त चढवले जाते आणि त्यांची प्रतिकारशक्ती क्षीण असते, हे खरे कारण नंतर उमगले. अचूक चाचणीलाही चुकीचा अर्थ चिकटू शकतो, हा या इतिहासाचा पहिला धडा.

१०/ यानंतर डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींत हे प्रतिजन पुष्कळ आढळले. ब्लुमबर्गना वाटले, हा आनुवंशिक गुण असावा. पण मोठ्या, गजबजलेल्या निवासी संस्थांत राहणाऱ्यांत त्याचे प्रमाण जास्त आणि नवजात बालकांत ते जवळजवळ नाही, असे दिसू लागले. आनुवंशिक गुण जन्मतःच असायला हवा. गर्दीने तो वाढत नाही. अशातच १९६६ साली आधी निगेटिव्ह असलेली एक व्यक्ती पॉझिटिव्ह झाली, आणि तिच्या यकृताला सूज असल्याचेही आढळले.

११/ निर्णायक घटना घडली ती प्रयोगशाळेच्या आतच. ब्लुमबर्ग यांच्या फिलाडेल्फियातील प्रयोगशाळेत बार्बरा वर्नर या तंत्रज्ञ होत्या. एप्रिल १९६७मध्ये त्यांना प्रकृती बरी वाटेना. त्यांनी एका संध्याकाळी स्वतःचेच रक्तजल आगरच्या पट्टीवर लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुसट पण स्पष्ट रेषा उमटलेली होती. पुढे त्यांना कावीळ झाली आणि त्या पूर्ण बऱ्याही झाल्या. या चाचणीने निदान झालेला विषाणुजन्य काविळीचा हा पहिला रुग्ण, असे ब्लुमबर्ग यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात नमूद केले आहे.

१२/ एका प्रयोगशाळेचे म्हणणे म्हणजे सिद्धांत नव्हे. १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड प्रिन्स यांनी आणि जपानमध्ये ओकोची व मुराकामी यांनी स्वतंत्रपणे हाच संबंध दाखवला. १९७० साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात डेव्हिड डेन व त्यांच्या सहकाऱ्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ४२ नॅनोमीटर व्यासाचे कण दिसले. तोच पूर्ण विषाणू. ऑस्ट्रेलिया अँटिजेन हे त्या विषाणूचे बाह्य आवरण ठरले. आजचे त्याचे शास्त्रीय नाव एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीचे पृष्ठप्रतिजन.

१३/ आता रक्तपेढ्यांना शस्त्र मिळाले. पण ते बोथट होते. आगरच्या पट्टीवर रेषा उमटायला एक ते तीन दिवस लागत आणि प्रतिजन विपुल असेल तरच ती दिसे. थोडके प्रतिजन असलेला रक्तदाता निसटून जाई. मग विजेच्या प्रवाहाने दोन्ही द्रव एकमेकांकडे वेगाने ढकलण्याची पद्धत आली. काम तासा-दोन तासांत होऊ लागले आणि नजरही थोडी तीक्ष्ण झाली. पहिल्या पिढीनंतरची ही दुसरी पिढी.

१४/ तिसऱ्या पिढीचा पाया घातला रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी. इन्शुलिन मोजण्यासाठी त्यांनी किरणोत्सारी अणूंचा वापर करणारी रेडिओइम्युनोअ‍ॅसे ही पद्धत घडवली होती. १९७० साली वॉल्श यांच्यासह त्यांनी ती ऑस्ट्रेलिया अँटिजेनला लावून दाखवली. १९७२ साली अ‍ॅबट कंपनीतील लिंग आणि ओव्हरबी यांनी तिचे रक्तपेढीत वापरण्याजोगे रूप सिद्ध केले. यॅलो यांना १९७७चे नोबेल मिळाले. बर्सन १९७२ सालीच निवर्तले होते.

१५/ या चाचणीची रचना समजून घेणे अगत्याचे आहे, कारण पुढचा सारा घोळ तिच्यातूनच निघतो. नळीच्या आतल्या भिंतीला प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. रक्तजल ओतले की त्यातील प्रतिजन त्यांना पकडले जाते. नळी धुवायची. मग किरणोत्सारी आयोडीन जोडलेली प्रतिपिंडे ओतायची. ती प्रतिजनाला दुसऱ्या बाजूने पकडतात. पुन्हा धुवायची आणि उरलेला किरणोत्सार मोजायचा. दोन पोळ्यांमध्ये सारण, तसे दोन प्रतिपिंडांमध्ये प्रतिजन. सारण नसेल तर वरची पोळी टिकत नाही.

१६/ संवेदनशीलता कैकपटींनी वाढली. आगरला न दिसणारे प्रतिजन आता यंत्राच्या आकड्यांत दिसू लागले. परंतु त्याबरोबर एक विचित्र प्रकार सुरू झाला. धडधाकट रक्तदाते पॉझिटिव्ह येऊ लागले. ज्यांना कधी कावीळ नाही, ज्यांचे यकृत उत्तम, आणि ज्यांची इतर कोणतीही चाचणी त्या निकालाला दुजोरा देत नाही. ही नवी चाचणी अधिक पाहत होती, की नसलेलेच पाहत होती?

१७/ उत्तर मिळाले ते गिनीपिगपाशी. पहिल्या संचातील प्रतिपिंडे गिनीपिगच्या शरीरात तयार करून घेतलेली होती, खालचीही आणि वरचीही. काही माणसांच्या रक्तात गिनीपिगच्या प्रथिनांविरुद्धच प्रतिपिंडे असतात. अशा माणसाचे रक्तजल नळीत पडले, की त्यातील प्रतिपिंड खालच्या गिनीपिग प्रथिनाला धरते आणि वरच्यालाही. सारणाशिवायच दोन पोळ्या चिकटतात. यंत्र आकडा दाखवते. विषाणू मात्र कुठेच नसतो.

१८/ १९७३च्या सुमारास प्रिन्स आणि इतर संशोधकांनी हा दोष उघड केला. म्हणजे यंत्र बिघडलेले नव्हते, तंत्रज्ञ निष्काळजी नव्हता, नमुन्यांची अदलाबदलही झाली नव्हती. सर्व काही नियमानुसार घडले होते आणि तरीही उत्तर खोटे होते. पुन्हा तीच चाचणी केली, तर पुन्हा तेच खोटे उत्तर येणार. एकाच साक्षीदाराला दहा वेळा विचारले म्हणून दहा साक्षी होत नाहीत.

१९/ येथूनच खातरजमेच्या चाचणीचा जन्म झाला. तिची युक्ती अशी. पॉझिटिव्ह नमुन्याचे दोन भाग करायचे. एका भागात एचबीएसएजीविरुद्धची खात्रीची मानवी प्रतिपिंडे मिसळायची. दुसऱ्यात साधे रक्तजल. मग दोन्हींवर मूळ चाचणी करायची. नमुन्यात खरेच प्रतिजन असेल, तर मिसळलेली प्रतिपिंडे ते आधीच अडवून धरतील आणि यंत्रातील आकडा कोसळेल. आकडा तसाच राहिला, तर तो दुसऱ्याच कशाचा तरी होता.

२०/ याला ‘न्यूट्रलायझेशन’, म्हणजे निष्प्रभीकरण, म्हणतात. साधारण नियम असा की आकडा निम्मा किंवा त्याहून अधिक घटला, तर प्रतिजन असल्याची खात्री पटली. गिनीपिगचा संशय असेल, तर नमुन्यात गिनीपिगचे साधे रक्तजल मिसळूनही पाहता येई. तेवढ्यानेच आकडा पडला, तर चोर सापडला. पहिली चाचणी विचारते, ‘काही आहे का?’ आणि दुसरी विचारते, ‘जे आहे ते तेच आहे का?’ पन्नास वर्षांत यंत्रे बदलली. किरणोत्साराच्या जागी एलायझा आली, मग प्रकाशावर चालणारी स्वयंचलित यंत्रे आली. खातरजमेचे तत्त्व मात्र तेच राहिले.

२१/ पण खोट्या निकालांची संख्या केवळ यंत्रावर ठरत नाही; ती समोर कोण बसले आहे यावरही ठरते. एक काल्पनिक हिशोब मांडू. समजा, चाचणी निरोगी माणसांपैकी ९९.५ टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह ठरवते आणि एकही बाधित सोडत नाही. चाचणी उत्तमच म्हणायची. आता १०,००० जणांचा असा समूह घेऊ, ज्यात ३ टक्के बाधित आहेत. खरे पॉझिटिव्ह ३००, खोटे सुमारे ४९. पॉझिटिव्ह आलेल्या सात जणांपैकी सहा जण खरोखर बाधित.

२२/ तीच चाचणी, तेच यंत्र, तोच तंत्रज्ञ. पण समूहात बाधित हजारी एक. खरे पॉझिटिव्ह १०, खोटे सुमारे ५०. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ असा शिक्का बसलेल्या सहा जणांपैकी पाच जण निर्दोष! चाचणी तसूभरही बिघडलेली नाही. बदलला तो समूह. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रेषा आखली ती समूहातील प्रमाणावर. एचबीएसएजीचे प्रमाण ०.४ टक्के किंवा अधिक असेल तिथे एक चांगली चाचणी पुरेशी. त्याहून कमी असेल तिथे न्यूट्रलायझेशनने किंवा वेगळ्या प्रकारच्या दुसऱ्या चाचणीने खातरजमा करावी.

२३/ खातरजमेलाही मर्यादा आहेत आणि त्यांतली एक मोठी मौजेची आहे. हिपॅटायटिस बीच्या लसीत असते काय? तेच पृष्ठप्रतिजन, विषाणूविना. त्यामुळे लस घेतल्यानंतर काही दिवस, क्वचित दोन-अडीच आठवड्यांपर्यंत, तपासलेले रक्त पॉझिटिव्ह येऊ शकते. न्यूट्रलायझेशन केले तर तेही ‘खात्री’ देईल, कारण प्रतिजन खरेच आहे. संसर्ग मात्र नाही. खातरजमा होते ती पदार्थाची, रोगाची नव्हे.

२४/ हा गुंता सोडवायला दुसरा साक्षीदार लागतो: विषाणूच्या गाभ्याविरुद्धचे प्रतिपिंड. लसीत गाभा नसतो, म्हणून केवळ लस घेतलेल्याच्या रक्तात हे प्रतिपिंड तयार होत नाही. खऱ्या संसर्गानंतर मात्र ते उमटते आणि बहुधा जन्मभर टिकते. संसर्गाच्या एका टप्प्यात पृष्ठप्रतिजन नाहीसे झालेले असते आणि त्याविरुद्धचे प्रतिपिंड अजून दिसू लागलेले नसते. त्या मधल्या मोकळ्या खिडकीतही गाभ्याविरुद्धचे प्रतिपिंडच साक्ष देते. आणि आजार जुनाट म्हणायचा, तर पृष्ठप्रतिजन सहा महिने टिकलेले दिसावे लागते. म्हणजे काळ हाही एक साक्षीदारच.

२५/ आता १९४२च्या कोड्याकडे परत. चार दशकांनंतर लेनर्ड सीफ आणि सहकाऱ्यांनी त्या काळच्या सैनिकांना शोधून त्यांचे रक्त तपासले. १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दूषित लस घेऊन काविळीने आजारी पडलेल्यांपैकी सुमारे ९७ टक्क्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बीच्या प्रतिपिंडांच्या खुणा होत्या. तीच लस घेऊन आजारी न पडलेल्यांत सुमारे ७६ टक्के. रक्तजलविरहित लस घेतलेल्यांत केवळ १३ टक्के.

२६/ या तीन आकड्यांत इतिहासाची केवढी दुरुस्ती आहे! आजारी पडलेले सुमारे ५०,००० होते. पण लागण झालेले सुमारे ३,३०,००० असावेत, असा अंदाज या अभ्यासाने बांधला. बहुसंख्यांना आपल्याला काही झाले हे कधी कळलेच नाही. कागदपत्रे जे सांगू शकली नाहीत, ते त्या माणसांच्या रक्ताने ४० वर्षे जपून ठेवले होते. तिसरा गट नसता, तर पहिल्या दोन आकड्यांना काही अर्थ राहिला नसता, हेही ध्यानात घ्यावे. ल्युरमाननेही तुलनाच केली होती.

२७/ खोट्या होकाराइतकाच खोटा नकारही घातक. १९९० साली कार्मन आणि सहकाऱ्यांनी इटलीतील एका बालकाचे उदाहरण प्रसिद्ध केले. लस घेऊनही त्याला लागण झाली होती, कारण विषाणूच्या पृष्ठप्रथिनात १४५व्या स्थानी एक बदल झाला होता. प्रतिपिंडे जिथे पकडतात तोच कोपरा बदललेला. अशा रूपांतरित विषाणूला काही चाचण्याही ओळखू शकत नसत. तेव्हापासून चाचण्या रचताना एकाऐवजी अनेक ठिकाणी पकडणारी प्रतिपिंडे वापरण्याकडे लक्ष देण्यात येऊ लागले. पुढे विषाणूची जनुकीय सामग्रीच शोधणाऱ्या चाचण्या आल्या.

२८/ आपल्याकडची एक सर्वज्ञात घटना. १९८२ साली ‘कुली’ चित्रपटाच्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन गंभीर जखमी झाले आणि त्यांना अनेक दात्यांचे रक्त चढवावे लागले. त्या रक्तातून आपल्याला हिपॅटायटिस बीची लागण झाली आणि ते कित्येक वर्षांनी कळले, तोवर यकृताचा मोठा भाग निकामी झाला होता, असे त्यांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. एका निसटलेल्या दात्याची किंमत काय असते, हे यावरून समजावे. ज्यांचे नाव कोणी ऐकले नाही, असे किती असतील!

२९/ मात्र केवळ चाचणीने रक्त सुरक्षित झाले नाही. अमेरिकेत १९७०च्या आसपास पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांना वगळणे आणि प्रतिजनाची तपासणी करणे, या दोन उपायांनी मिळून हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या काविळीचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून सुमारे १० टक्क्यांवर आणले, असे ऑल्टर यांच्या गटाला आढळले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ खटल्यात ४ जानेवारी १९९६ रोजी दिलेल्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून व्यावसायिक रक्तदान बंद झाले. आज प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणे बंधनकारक आहे.

३०/ उरलेल्या त्या १० टक्क्यांनीही इतिहास घडवला. बी वगळली, ए वगळली, तरी रक्तातून होणारी कावीळ शिल्लक होती. ऑल्टर यांनी तिचा पाठपुरावा सोडला नाही. ती ‘हिपॅटायटिस सी’ निघाली. ब्लुमबर्गना १९७६ साली नोबेल मिळाले; त्यांच्यासोबत आगरवरची ती रेषा पाहणाऱ्या ऑल्टरना ते २०२० साली मिळाले. एक चाचणी इतकी खात्रीची झाली, की तिच्या नकारानेच दुसरा विषाणू दाखवून दिला.

३१/ चाचणी न्यायाधीश होते, तेव्हा तिच्या निकालाची घाई किती महाग पडते, याचे उदाहरण म्हणजे आपली भुईआवळी. १९८८ साली मद्रास येथील थ्यागराजन आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत स्वतः ब्लुमबर्ग होते, असे प्रसिद्ध केले की ही वनस्पती दिलेल्या ३७ जुनाट रुग्णांपैकी २२ जणांचे प्रतिजन नाहीसे झाले; तुलनेच्या गटात २३ पैकी केवळ एकाचे. जगभर आशा पालवली. परंतु इतरत्र झालेल्या प्रयोगांत तसे परिणाम मिळाले नाहीत. नोबेलविजेत्याचे नाव असले, तरी खातरजमा चुकत नाही.

३२/ हे सर्व आज का वाचावे? कारण अहवालातील एका शब्दावर माणसाचे आयुष्य उलटेपालटे होते. आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीत एचबीएसएजी असते. कोकणातील कित्येक घरांचा चरितार्थ त्या एका कागदावर टांगलेला असतो. चीनमध्ये या चाचणीच्या आधारे नोकऱ्या आणि प्रवेश नाकारण्याचा प्रकार इतका बोकाळला, की २०१० साली नोकरी व शाळाप्रवेशासाठी ती करण्यावर सरकारला बंदी घालावी लागली. हस्तांदोलनाने, एकत्र जेवल्याने हा विषाणू पसरत नाही. संशय मात्र पसरतो.

३३/ जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे २.९८ कोटी लोकांना जुनाट हिपॅटायटिस बी होता. लोकसंख्येच्या साधारण दोन टक्के. बहुतेकांना ते ठाऊकच नाही. त्यांच्यासाठी चाचणी न होणे हाच मोठा धोका आहे. म्हणून खोट्या पॉझिटिव्हच्या कथा ऐकून चाचणी टाळणे हा या इतिहासातून काढायचा सर्वांत चुकीचा निष्कर्ष ठरेल. औषधे आहेत, लस आहे, आणि २८ जुलै २०१८पासून राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमही आहे.

३४/ आणि एक विलक्षण विरोधाभास. भारतात बालकांना ही लस २००२ साली काही ठिकाणी प्रायोगिक तत्त्वावर मिळू लागली आणि नंतर देशभर. लस घेतलेली पिढी मोठी होत जाईल, तसे बाधितांचे प्रमाण घटेल. प्रमाण घटेल, तसा प्रत्येक पॉझिटिव्ह निकालात खोट्यांचा वाटा वाढेल. वर मांडलेला हजारी एकाचा हिशोब आठवा. लस जितकी यशस्वी, तितकी खातरजमा अधिक गरजेची. हे थ्रेड वाचणाऱ्यांपैकी अनेक जण त्याच पिढीतले आहेत.

३५/ २८ जुलै हा ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस. तोच आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. त्यांनी नाव दिलेले ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ शास्त्रीय ग्रंथांतून केव्हाच मागे पडले, पण आपल्या गावोगावच्या लॅबच्या कागदावर अजून जिवंत आहे. ते दिसले आणि पुढे ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेले असले, तर तीन प्रश्न विचारावेत: प्रतिक्रिया खरी आहे का? पदार्थ तोच आहे का? आणि त्याचा अर्थ संसर्ग असाच आहे का? पहिल्याचे उत्तर यंत्र देते, दुसऱ्याचे खातरजमेची चाचणी, आणि तिसऱ्याचे जाणता डॉक्टर, इतर चाचण्या व सहा महिन्यांचा धीर. (समाप्त)